साक्रीच्या काळ्या दगडातलं युरेनियम

मी अणूच्या खात्यात होतो असं सांगितलं की समोरच्याची नजर आधी माझ्या केसांकडे जाते. केस शाबूत आहेत असं दिसलं की माणूस जरा सैलावतो. माझ्या लग्नाच्या वेळी फैजपूरच्या सासरेबुवांनी मुलीच्या मामाला मुद्दाम जळगावला पाठवलं होतं. मामांनी आमच्या शेजाऱ्यांना बाजूला घेऊन विचारलं, "मुलगा अंधारात चमकतो म्हणे, खरं का?" शेजारी प्रामाणिक माणूस. म्हणाले, "उजेडातसुद्धा फारसा चमकत नाही." लग्न जमलं.

खरं सांगायचं तर सगळ्या नोकरीत मी बॉम्ब पाहिला नाही, अणुभट्टी पाहिली नाही, पांढरा कोट घातलेला शास्त्रज्ञसुद्धा फक्त खात्याच्या कॅलेंडरवर पाहिला. मी पाहिली ती भोकं. माझा हुद्दा ड्रिलिंग सुपरवायझर. देशाला युरेनियम हवं, युरेनियम जमिनीत असतं, म्हणून जमिनीला भोक पाडून बघायचं. हे भोक पाडणारे लोक म्हणजे आम्ही. अणुयुगाचे विहिरी खोदणारे म्हणा हवं तर, फक्त आमच्या विहिरीतून पाणी निघालं तर आम्हाला बोलणी बसायची. ती कशी, तेच आज सांगतो.

गावाचं नाव मात्र लिहिणार नाही. रुजू होताना खात्याने एका कागदावर सही घेतली होती की देशाची गुपितं बाहेर फोडणार नाही. साक्री तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी एक पाडा, एवढं पुरे. त्या पाड्यात गुपित म्हणावं असं काहीही निघालं नाही, पण सही ती सही.

आमचं काम समजायला अवघड नाही. पोलादी पाइपाच्या टोकाला हिऱ्याचे कण बसवलेली एक गोल कडी असते. डिझेल इंजिनाने पाइप गरगर फिरतो, कडी दगड कापत खाली जाते आणि मधला दगड दंडगोलासारखा पाइपात शिल्लक राहतो. त्याला आम्ही कोअर म्हणायचो. पाड्यातले लोक त्याला 'दगडना मुळा' म्हणत आणि त्यांचा शब्द जास्त बरोबर होता. हे मुळे लाकडी पेट्यांत ओळीने रचून ठेवायचे. भोक झालं की तारेला एक यंत्र बांधून आत सोडायचं. जवळपास युरेनियम असेल तर ते यंत्र टिकटिक करतं, भरपूर असेल तर तडतडतं. आणि हे सगळं चालू असताना वरून सतत पाणी ओतायचं, कारण दगड कापताना कडी तापते. हिरा महाग, पाणी फुकट, असा हिशेब होता. हा हिशेब साक्री तालुक्यात बसून कोणी केलेला नव्हता.

आता खानदेशात युरेनियम कसं आलं, तर ते आलं नव्हतंच. आपल्याकडे खणाल तिथे काळा दगड. फार पूर्वी जमिनीतून लाव्हा वर आला, पसरला आणि थिजला, हे शाळेच्या पुस्तकात आहे. त्या दगडात युरेनियम नावालाही नसतं, हे कॉलेजच्या पुस्तकात आहे. आमच्या वरच्या कार्यालयाच्या व्हरांड्यात जी ग्रॅनाइटची फरशी होती, तिच्यावर यंत्र ठेवलं तर ते साक्री तालुक्यातल्या कुठल्याही डोंगरापेक्षा जास्त टिकटिकायचं. म्हणजे युरेनियमच शोधायचं तर साहेबांच्या खुर्चीखाली खणणं शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरलं असतं.

पण शास्त्र चालतं पैशावर आणि पैसा चालतो मार्चवर. त्या वर्षी दुसऱ्या एका राज्यात आमचं मोठं काम होतं. ते जंगल खात्याच्या परवानगीत अडकलं आणि पैसा तसाच पडून राहिला. संशोधनाचा पैसा उरला की सरकार 'वा, काटकसर केली' म्हणत नाही, 'म्हणजे तुम्हाला लागत नव्हता' म्हणतं आणि पुढच्या वर्षी कमी देतं. तेव्हा जिथे झटपट खर्च होईल अशा कामाचा शोध सुरू झाला. त्या शोधासाठी मात्र भोक पाडावं लागलं नाही. कपाटात डॉक्टर सेनगुप्तांचा जुना प्रस्ताव सापडला.

सेनगुप्ता आमचे भूगर्भतज्ज्ञ. किडकिडीत माणूस. खानदेशच्या उन्हात इतर लोक डोक्याला टॉवेल बांधत, हे कानटोपी घालत. त्यांचं म्हणणं असं, की काळ्या दगडात काही नाही हे मान्य, पण काळ्या दगडाखाली काय आहे? लाव्हा पसरायच्या आधी इथे नद्या असतील, त्यांची वाळू असेल, त्या वाळूत युरेनियम साठलेलं असू शकेल. खाली जाऊन कोणी पाहिलंय? कोणी पाहिलेलं नव्हतं. तरुणपणी त्यांनी हा प्रस्ताव दिला तेव्हा तो फार खर्चिक म्हणून नामंजूर झाला. आता ते निवृत्तीला आले होते आणि प्रस्ताव एका दुपारी मंजूर झाला. कारण, तो फार खर्चिक होता.

डॉक्टरांना याचा राग आला नाही. त्यांना खरंच आनंद झाला. "भालेराव, अब देखेंगे नीचे क्या है," असं ते मला जळगावच्या स्टेशनवर हात धरून म्हणाले. मला त्या माणसाची तेव्हा थोडी दया आली होती.

मी मूळचा जळगावचा, पण आईचं माहेर धुळे जिल्ह्यातलं. त्यामुळे अहिराणी येते. खात्याने माझी ही पात्रता हेरून मला कँपचा प्रमुख केलं. डॉक्टर बंगाली, मशीन चालवणारा कुट्टी केरळचा, मशीन परदेशी. गावाशी बोलायला कोणीतरी हवंच होतं.

तंबू ठोकले आणि अफवांना सुरुवात झाली. कोणी म्हणे तेल निघणार, कोणी म्हणे इथे बॉम्ब फोडून बघणार. धुळ्याहून एक पुढारी जीप घेऊन आले. त्यांनी मशीनला हार घातला, नारळ फोडला आणि जाहीर केलं की इथे अणुभट्टी येणार असून घरटी एक नोकरी मिळणार आहे. मी त्यांना हळूच म्हणालो, "साहेब, असं काही नाहीये." ते तितक्याच हळू म्हणाले, "तुम्हाला वरचं कळत नाही." हे खरंच होतं. आठवड्याभरात त्यांच्या मेव्हण्याने पायथ्याची खडकाळ जमीन विकत घेतली. ती अजून त्याच्याकडेच आहे. तिथे गवतसुद्धा नीट येत नाही.

एक दिवस जळगावचे एक सराफ स्कूटरवरून आले. एवढ्या लांब, स्कूटरवरून. मला बाजूला नेऊन त्यांनी विचारलं, "भाऊ, याचा तोळ्याला भाव काय?"

"कशाचा?"

"त्याचाच हो. युरेनियमचा. पुढेमागे दागिन्यात चालेल का?"

म्हटलं, "शेठजी, घालणाऱ्याला दागिना पुरेल, पण दागिन्याला घालणारा पुरणार नाही." त्यांनी यावर थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे घसारा जास्त."

असो. मशीन सुरू झालं आणि काळा दगड निघू लागला. रोज काळा दगड. कुट्टी पेट्या भरायचा, डॉक्टर भिंगाने बघायचे, मी रिपोर्ट लिहायचो. वरचं कार्यालय वायरलेसवर विचारायचं, "किती मीटर?" युरेनियमचं कोणीही विचारायचं नाही. आमच्या कामाचं मोजमाप मीटरमध्ये व्हायचं. वर्षाचं मीटरचं लक्ष्य ठरलेलं, ते झालं की खातं खूश. भोकात काय सापडलं हा ज्याचा त्याचा वैयक्तिक प्रश्न.

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. पाड्याची विहीर संक्रांतीच्या आधीच तळाला गेली होती. पंचायत समितीचा टँकर यायचा, म्हणजे कधीकधी यायचा. आमचा टँकर मात्र रोज यायचा, वेळेवर. मशीनला पाणी लागायचं ना. रस्ता एकच, पाड्याच्या मधून. एका बाजूला बायका रिकामे हंडे रांगेत ठेवून बसलेल्या आणि त्यांच्या समोरून भरलेला टँकर डचमळत डोंगराकडे जायचा, कारण देशाला तातडीने काळा दगड हवा होता.

एका सकाळी टँकर थांबला. मी मागच्या जीपमध्ये होतो. उतरून बघतो तर रस्त्याच्या मधोमध एक बाई हंडा उपडा घालून त्यावर बसलेली. ही जिजाअक्का. ग्रामपंचायतीत बायकांसाठी जागा राखीव झाल्या तेव्हा गावाने हिला निवडून दिलं होतं. ही काही बोलणार नाही, असा तेव्हा सर्वांचा समज होता.

"काय हो भाऊ, हाई पानी कोठे लई चालनात?"

"मशीनले लागस, अक्का."

"मशीन पानी पेस?"

"पीत नाही. भोकात ओततो आम्ही. दगड कापताना कडी तापते ना."

ती हंड्यावरून उठली. मग मागे वळून बायकांना म्हणाली, "ऐकं का व? बठ्ठा गावना हंडा रिकामा पडेल शेत, आनि हाई सरकार भोकमा पानी वती राहिनं!"

बायका हसल्या. त्या हसण्याने मला जे वाटलं ते खात्याच्या कुठल्याही मेमोने कधी वाटलं नाही. मी ड्रायव्हरला सांगितलं, अर्धा टँकर इथे सोड. त्या दिवसापासून रोज अर्धा टँकर पाड्यात रिकामा व्हायला लागला. रिपोर्टमध्ये मी लिहायचो, 'खडक भेगाळलेला असल्याने पाण्याची गळती जास्त.' वरून शाबासकी आली. भेगाळलेला खडक म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय बाब होती म्हणे.

आणि गंमत अशी, की पुढे खडक खरंच भेगाळलेला निघाला. एका दुपारी कुट्टीने मशीन बंद केलं आणि मल्याळीत काहीतरी म्हणाला. ते काय, हे त्याने मला कधीच सांगितलं नाही. वरून ओतलेलं पाणी खाली जायचं थांबलं होतं. मग ते उलट वर यायला लागलं. आधी गढूळ, काळ्या भुकटीने भरलेलं, मग हळूहळू निवळ. पाइपाच्या तोंडातून बोटाएवढी जाड धार बाहेर पडली आणि पडतच राहिली. डोंगरातलं कुठलंतरी कोंडलेलं पाणी आमच्या भोकाने मोकळं केलं होतं.

कुट्टी वैतागला. "साब, छेद खराब हो गया." आमच्या धंद्यात पाणी लागणं म्हणजे भोक बिघडणं. मी रिपोर्टमध्ये तेच लिहिलं. 'भोकास पाण्याचा उपद्रव.'

संध्याकाळच्या आत सगळा पाडा तिथे होता. पण हंडे आणूनही कोणी पाणी भरेना. कारण धुळ्याच्या एका पेपरमध्ये त्याआधीच छापून आलं होतं की अणूवाले जे पाणी वापरतात त्याने माणसाची हाडं विरघळतात. जिजाअक्काने मला धारेपाशी नेलं आणि पितळी तांब्या पुढे केला.

"पहिले तुम्ही पेवा. मंग आम्ही."

मी प्यायलो. गार होतं, किंचित खारट. सगळे माझ्याकडे टक लावून बघत होते, जणू मी आता हिरवा होणार. कोणीतरी मागून म्हणालं, "सकाय पर्यंत वाट देखूत." सकाळी मी तंबूतून दात घासत बाहेर आलो तर समोर पाड्यातली माणसं बसलेली. मी जिवंत असल्याची खात्री करून ती उठली आणि हंडे आणायला गेली. सबंध नोकरीत माझ्या तब्येतीची इतकी काळजी आणखी कोणी केली नाही.

मी नमुना प्रयोगशाळेत पाठवलाही होता. फोनवर उत्तर आलं की पाणी उत्तम आहे. मी म्हटलं, मग तसं गावाला कळवतो. पलीकडचा माणूस दचकला. "नाही नाही, आमच्या तपासणीचे निष्कर्ष गोपनीय असतात." म्हणजे पाणी विषारी असल्याची अफवा उघडपणे फिरत होती आणि ते चांगलं असल्याची माहिती राष्ट्रीय सुरक्षेच्या कुलपात होती.

मग खरा प्रश्न आला. आमचा नियम असा, की काम पूर्ण झालेलं प्रत्येक भोक सिमेंटने बुजवायचं. नियम वेडगळ नाही. उघड्या भोकात जनावराचा पाय जातो, वरचं घाण पाणी खाली झिरपतं. पण इथे भोक बुजवायचं म्हणजे धार बंद. मी धुळ्याला जिल्हा परिषदेत गेलो. म्हटलं, भोक तुम्ही ताब्यात घ्या, टाकी बांधा, गावाची सोय होईल. तिथला अधिकारी चांगला होता. म्हणाला, "लगेच घेतो. तुमच्या खात्याचं ना-हरकत पत्र आणा." मी वर विचारलं. उत्तर आलं की आमच्या भोकांच्या जागा गुप्त असतात, त्यामुळे अशी जागा अस्तित्वात असल्याचं आम्ही दुसऱ्या खात्याला लेखी कळवू शकत नाही. मी अधिकाऱ्याला म्हटलं, "साहेब, भोक आहे, पण नाही." तो म्हणाला, "आमच्या बऱ्याच विहिरी तशाच आहेत."

त्यातच डॉक्टरांची अडचण. काळ्या दगडाच्या खाली पोचायचं तर अजून खूप खोल जायला हवं होतं. आणि पुढे जायचं तर आधी ही पाण्याची भेग सिमेंट कोंबून बंद करायला हवी होती. दुसरीकडे नवं भोक सुरू करायचं तर शून्यापासून सुरुवात आणि मार्च तोंडावर. म्हणजे डॉक्टरांना त्यांच्या आयुष्यभराच्या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर ते याच भोकाच्या तळाशी होतं आणि त्या वाटेत पाड्याचं पाणी होतं.

वरून हुकूम आला: भेग बंद करा, काम पुढे न्या. सिमेंटच्या गोण्या आल्या. त्या उतरताना पाहून सगळा पाडा येऊन मशीनभोवती बसला. आरडाओरडा नाही, घोषणा नाहीत. बायका हंडे घेऊन आणि म्हातारी माणसं काठ्या टेकून नुसती बसली.

जिजाअक्का डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली. डॉक्टरांना अहिराणी येत नव्हती, तिला हिंदी बेताची. मधे मी.

"ह्या सायबले इचारा, खाले काय शे?"

मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "शायद पुरानी नदी की रेत."

"आनि त्यामा पानी शे?"

"नाही, वाळू. जुन्या नदीची. आता तिथे पाणी नाही."

अक्काने धारेकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हनजे मरेल नदीसाठे जित्तं पानी बुजाडतस?"

हे मी कसं भाषांतर करणार? केलं, जसं जमलं तसं. डॉक्टरांनी कानटोपी काढली. मी त्यांना पहिल्यांदाच टोपीशिवाय पाहत होतो. डोक्यावर फारच थोडे केस होते. ते धारेपाशी जाऊन उकिडवे बसले, ओंजळभर पाणी घेऊन तोंडावर मारलं. कुट्टी इंजिनाच्या चावीवर हात ठेवून वाट बघत होता.

"भालेराव," ते शेवटी म्हणाले, "नियम क्या है? पूरा हुआ छेद बंद करना है. ठीक?"

"ठीक."

"ये छेद पूरा हुआ है?"

"नाही सर. खाली कुठे पोचलोय?"

"तो लिखो, काम स्थगित. अधूरा छेद. अधूरा छेद बंद करने का कोई नियम नहीं है."

"पण सर, मग तुमचं काम? खालची वाळू?"

त्यांनी टोपी पुन्हा घातली. "वो कहाँ जाएगी? इतने करोड़ साल से वहीं है," असं म्हणून ते तंबूत गेले. जेवायला आले नाहीत. मी दोनदा हाक मारली, दोनदा "हाँ, हाँ" एवढंच ऐकू आलं.

नंतर जे झालं ते खात्याच्या दृष्टीने फारच यशस्वी ठरलं. मीटर भरून काढायचे होते, म्हणून आम्ही त्याच डोंगरउतारावर उथळ भोकांचा सपाटा लावला. उथळ भोक पटकन होतं, मशीन अडत नाही, मीटर भराभर वाढतात. त्यातल्या एकाही भोकातून काळ्या दगडाखेरीज काही निघणं शक्य नव्हतं आणि निघालंही नाही. मार्चअखेर आमचं लक्ष्य पूर्ण होऊन वर उरलं. अभिनंदनाचा संदेश आला. कँपला पेढे वाटले. ज्या एका भोकात विचार करण्यासारखं काही होतं ते 'स्थगित' म्हणून नोंदलं गेलं आणि जी विनाकारण पाडली ती सगळी 'यशस्वी' ठरली. डॉक्टर सेनगुप्ता पुढच्या वर्षी निवृत्त झाले. बढती अडली, कारण त्यांच्या नावावर एक अपूर्ण काम होतं. निरोपसमारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाषणात कोणीतरी म्हणालं, 'सरांनी खानदेशात मोलाची कामगिरी केली.' ती काय, हे बोलणाऱ्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण माझी सही होती.

काही वर्षांनी खात्यात मोहीम निघाली की सगळी अपूर्ण कामं निकाली काढा. यादी वाचताना आमचं भोक सापडलं. मला हुकूम झाला: जा आणि बुजवून या. ट्रकभर सिमेंट घेऊन मी साक्रीकडे निघालो. नाही म्हणावं तर पेन्शन समोर दिसत होती. बुजवावं तर जिजाअक्का समोर दिसत होती. दोघींपैकी जिजाअक्का जास्त भीतिदायक होती.

पाड्यात पोचलो आणि जागाच ओळखू येईना. भोकावर छानपैकी चौथरा, त्यावर टाकी, टाकीला नळ. आणि टाकीवर ही भलीमोठी संगमरवरी पाटी. त्या पाटीप्रमाणे जिल्हा परिषदेने अथक प्रयत्नांनी इथे पाणी शोधून काढलं होतं आणि त्याच धुळ्याच्या पुढाऱ्यांच्या शुभहस्ते योजनेचं उद्घाटन झालं होतं. आमच्या खात्याचं नाव कुठेही नव्हतं. संशोधनाची अशी उघड चोरी मी आयुष्यात पाहिली नव्हती आणि कुठल्याही चोरीने मला इतका आनंद झाला नव्हता. मी तिथेच बसून रिपोर्ट लिहिला: 'नमूद ठिकाणी या खात्याचे कोणतेही भोक आढळले नाही. तेथे जिल्हा परिषदेची नळयोजना आहे.' यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पाटीच साक्षीला होती.

जिजाअक्का आली. थकली होती, डोळ्याला चष्मा आला होता. ट्रककडे बघून म्हणाली, "हाई काय लयनात?"

"सिमेंट."

"कसाले?"

मी खरं सांगितलं. ती हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मग एकदम व्यवहारावर आली. "परत कसाले लई जातस? धुनं धवाले ओटा नही शे आमले." दोन दिवसांत नळाखाली धुण्याचा ऐसपैस ओटा तयार झाला. खात्याच्या दप्तरात सिमेंट 'कामाच्या ठिकाणी वापरले' असं आहे. तेही खरंच.

निघायच्या दिवशी जीपपाशी अनोळखी बायकांचा घोळका उभा दिसला. डोंगरापलीकडच्या पाड्यातून चालत आल्या होत्या. त्यांच्याकडे ना विहीर, ना टँकर जाईल असा रस्ता. झऱ्यावर जाऊन वाटीने पाणी भरायच्या. त्यांतली एक पुढे झाली, पदर नीट केला आणि पाठ करून आल्यासारखं म्हणाली,

"सायेब, आमना पाडामा बी ते युरेनियम शोधा ना."

"वर विचारतो," म्हटलं. आणि खरंच विचारलं. परत गेल्यावर रीतसर प्रस्ताव तयार केला. डॉक्टर सेनगुप्तांचीच भाषा वापरली, जुनी नदी, तिची वाळू, सगळं. नकाशा जोडला. खर्चही भरपूर दाखवला, म्हणजे मंजूर होईल.

तो परत आला. शेरा होता, 'या भागात केवळ काळा दगड असून युरेनियम मिळण्याची शास्त्रीय शक्यता नाही.' आमच्या खात्यात शास्त्रीय कारणासाठी नामंजूर झालेला माझ्या माहितीतला तो एकमेव प्रस्ताव.